झोपेतून उठताना बाळ थरथरतं तेव्हा

५ महिन्यांचं बाळ उठताना हात थरथरवतं आणि आजी म्हणतात, दचकलं असेल. दचकणं वेगळं दिसतं: दार आपटलं की दोन्ही हात एकदम फाकतात नि छातीशी परत येतात. नुसती थरथर असेल तर हात कोपरात दुमडून हलकेच धरा. थांबली आणि बाळ तुमच्याकडे बघतंय, तर बहुधा काळजीचं नाही. झटका (फिट) असेल तर धरलेल्या हातातही ठोके जाणवत राहतात, नजर एका बाजूला खिळते.

खरी भीती वेगळ्याच प्रकारच्या झटक्यांची आहे, आणि तेच पोटदुखी समजून सोडले जातात. उठल्या उठल्या मान पुढे झुकते, हात वर उचलले जातात, एक-दोन सेकंदांत अंग सैल. ५-१० सेकंदांनी पुन्हा तेच, ओळीने. असं दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा, पुण्यात असाल तर ससून या सरकारी रुग्णालयात गेलात तरी चालेल, पण थांबू नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लागतो. उपचार लांबले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला फटका बसतो.

जाताना व्हिडिओ न्या. दुपटं बाजूला, दिवा लावलेला, चेहरा आणि चारही हातपाय दिसतायत असा. व्हिटॅमिन डीचे थेंब (रोज ४०० युनिट) सुटलेत का, तेही सांगा. कॅल्शियम घसरल्यानेही झटके येतात.

झटका ५ मिनिटांपुढे गेला किंवा ओठ निळे पडले तर १०८. तोवर बाळ कुशीवर. तोंडात चमचा, पाणी काही नको, आणि कृपा करून कांदा हुंगवू नका.