पुरःस्थ ग्रंथीचं काय म्हणावं: रस, द्रव की स्राव?

गंगापूररोडकर: एका लॅबचं माहितीपत्रक मराठीत करतोय. प्रोस्टेट फ्लुइडमधली प्रोटीन्स कशी तपासतात, हा विषय. 'फ्लुइड'ला काय लिहू? आणि सगळे 'पौरुषग्रंथी' म्हणतात, तेच ठेवू का?

पंचवटीचा मास्तर: 'पौरुष' नको, प्रोस्टेटला 'पुरःस्थ ग्रंथी' लिहा. पुरः म्हणजे पुढे. पुरोहित, पुरोगामी यांतला तोच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'पुढे उभा असलेला'. विसर्ग तेवढा जपा. 'पुरस्थ' छापलंत तर रामकुंडावरच्या माणसाला गोदेचा पूर आठवायचा.

टेस्टट्यूब: मी लॅबमध्येच असते. 'द्रव' पाणीसुद्धा असतं, 'रस' जठराला शोभतो. ग्रंथीतून येतो तो 'स्राव'. पण आमची खरी डोकेदुखी वेगळीच. नमुना घ्यायला डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबतात, मूत्रमार्गातून दुधाळ थेंब येतात. निफाडकडचा एखादा काका दबक्या आवाजात विचारतो, "मॅडम, धातू गेला का?" अहो, ते वीर्य नव्हे. वीर्यात या स्रावाचा वाटा साधारण पाव ते तिसरा हिस्सा. मोठा भाग शुक्राशयांचा. 'धातू' शब्द पत्रकात येऊच देऊ नका.

गंगापूररोडकर: आणि 'प्रोटीन सेपरेशन'?

टेस्टट्यूब: 'प्रथिनं वेगळी करणं', बस. जेलमधून वीज सोडली की लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग रंग दिला की निळे पट्टे दिसतात. मुख्य तीन: पीएसए (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन), आम्ल फॉस्फेटेज आणि बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन. पीएसएची चाचणी येण्याआधी या ग्रंथीच्या कर्करोगासाठी रक्तात आम्ल फॉस्फेटेजच मोजायचे.

एक विनंती. 'स्रावात पीएसए आढळले' असं लिहू नका, चोर सापडल्यासारखं वाटतं. ते तिथे असायलाच हवं. सेमेनोजेलिन नावाचं प्रथिन तोडून वीर्य पातळ करणं हे त्याचं रोजचं काम. स्रावात ते मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे दहा लाखपट लहान मापात. रक्तात वाढलं तर डॉक्टर पुढे बघतात, आणि तेव्हाही कर्करोगच असेल असं नाही. सूज किंवा वयामुळे वाढलेली ग्रंथीही कारण असते.

पंचवटीचा मास्तर: नावातल्या 'अँटिजेन'ला 'प्रतिजन' आहे की.

टेस्टट्यूब: आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं अंगात काहीतरी परकं शिरलंय. 'पीएसए हे एन्झाइम' एवढं पुरे.

पंचवटीचा मास्तर: एन्झाइम कशाला? 'विकर' शाळेच्या पुस्तकात आहे.

टेस्टट्यूब: सर, रिपोर्ट हातात असलेला माणूस 'विकर'चं 'विकार' वाचतो. एन्झाइमच राहू द्या.