प्रार्थना एकदाच, चुकली तरी

खानापूरच्या ताईंनी वर भावाबद्दल लिहिलंय: मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मनात येशूबद्दल घाणेरडे शब्द येतात, मग 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पुन्हा पहिल्यापासून, आणि सारखं कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं. त्यावर उपास वाढवायचा सल्ला आलाय. ताई, कृपया तो पाळू नका. हा ओसीडी आजार वाटतो: नको ते विचार येतात आणि ते शमवायला माणूस तीच ती कृती, म्हणजे विधी, करत राहतो. उपासाने त्याला आणखी एक विधी मिळेल. नको असलेला विचार येणं म्हणजे पाप नव्हे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियसनाही १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसात पापाच्या शंकांचा असाच छळ झाला होता. जुनी पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवल्यावरच ते सुटले.

फादरांना विश्वासात घ्या: कुमसाराचा वार ठरलेला, तेच पाप दुसऱ्यांदा ऐकायचं नाही. प्रार्थना एकदाच, शब्द गळला तरी पुढे. अस्वस्थता चढेल, ती उतरेपर्यंत काही करायचं नाही. सुरुवात सोप्या प्रसंगापासून, जसं जेवणाआधीची प्रार्थना; मिस्साची पाळी त्यानंतर. इथे फसगत होते ती मनातल्या मनात 'क्षमा कर' म्हणण्याने. तोही विधीच. आणि "देवाने मला क्षमा केली ना?" याला घरच्यांनी दरवेळी "हो रे" म्हटलं की पाच मिनिटांत तोच प्रश्न परत. "हा आजाराचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही" एवढंच प्रेमाने सांगा.

हे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करा. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन फुकट. गोळ्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, पंधरवड्यात "फरक नाही" म्हणून बंद करू नका. मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर मात्र आजच न्या.