मुलीसाठी स्वस्तातलं इम्पोर्टेड एअर पिस्तूल, टिकतं का?

सिडकोकर_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, वर्षभर झालं १० मीटर एअर पिस्तूल करतेय, रेंजवरच्याच पिस्तुलावर. पिस्तूल एक आणि पोरं सहा, त्यात मूठ मोठ्या माणसाच्या हाताची, हिचं बोट ट्रिगरपर्यंत धड पोचत नाही. सर म्हणाले आता स्वतःचं बघा. स्टायर, मोरिनी, वॉल्थर वगैरेंच्या किमती ऐकून मी गुपचूप चहा पिऊन परत आलो. बजेट ओढून ताणून साठ हजार. त्यात बाहेरून आलेलं काही बरं मिळतं का, की वर्षात भंगार होतं? रशियन, चेक, चायनीज, सगळेच सुचवतायत, ज्याच्याकडे जे विकायला आहे ते.

पंचवटीचा_पोरगा:
काका, पिस्तूल वाचून आधी दचकलोच, म्हटलं नाशकात हे काय नवीन 😄 ४.५ एमएमच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, पण घेताना ओळखपत्र द्या आणि पक्कं बिल घ्याच. पोरीला मॅचला नेताना रेल्वेत, बसमध्ये कोणी बॅग उघडली तर तेच कामी येतं.

दहा_पॉइंट_नऊ:
स्वस्त स्वस्त म्हणून लोक तीन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरतात. नळी दुमडून कॉक (सज्ज) करायचं स्प्रिंगवालं घेऊच नका. चाप ओढला की आतला पिस्टन धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्तूल हातात उडी मारतं. टेन म्हणजे टार्गेटवरचं दहा गुणांचं ११.५ एमएमचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं, तेही दहा मीटरवर. घरामागे डबे पाडायला ठीक आहे, मॅचला नाही.

दुसरं रशियन बायकल ४६एम. मी स्वतः सहा वर्षं वापरलं. खालची लिव्हर एकदा मारली की एका शॉटची हवा भरते, सिलिंडर नाही, पंप नाही, काही नाही. नळी आणि ट्रिगर किमतीच्या मानाने फार वरचे, सहा वर्षांत एकदा सील बदललं बस. पण वजन चांगलं किलोच्या वर आणि सगळा भार पुढे, प्रत्येक शॉटला लिव्हर, म्हणजे ६० शॉट अधिक सरावाचे, नववीतल्या पोरीचा खांदा भरून येईल. शिवाय आता मिळतात ती बहुतेक जुनीच.

तिसरं पीसीपी, म्हणजे २०० बार दाबापर्यंत हवा भरलेलं सिलिंडर. मॅचमध्ये बहुतेक हेच वापरतात. हॅमर्ली एपी२० त्यातल्या त्यात कमी किमतीत मॅचसाठीच बनवलेलं आहे, मिळालं तर हातात धरून बघाच. चायनीज पीसीपी मी दोन मारून पाहिली, नळीबद्दल तक्रार नाही हो, मार खातात ट्रिगरमध्ये. आधी ढिला, मग अडकतो, मग अचानक सुटतो. आणि नियमाप्रमाणे ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा, मॅचआधी वजन लटकवून उचलायला लावतात. घरी ५१० ला सेट केलेला ट्रिगर तिथे ४९० ला सुटला की पोरगी लायनीत उभी राहून रडते, मी पाहिलंय.

बिघडतं काय म्हणाल तर नळी क्वचितच. ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, जातात, रात्री भरलेलं सिलिंडर सकाळी अर्धं. हातपंपाने भरत असाल तर पावसाळ्यात हवेसोबत पाणीही आत जातं, ओलावा काढायचा फिल्टर लावा. सीलला शिवणयंत्राचं तेल घालू नका, सिलिकॉन ग्रीस. ओ-रिंग अंबड एमआयडीसीत बरोबर मापाची मिळून जाते, पण सिलिंडरचे आटे वगैरे लेथवाल्याकडून करून घ्यायच्या भानगडीत मेलात तरी पडू नका, २०० बार आहे ते.

निफाडचा_द्राक्षवाला:
वरच्यांनी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालणारं, सोडलं. कोणीतरी स्वस्तात सीओटूचं गळ्यात मारेल म्हणून सांगतो. २० डिग्रीला आतला दाब ५७ बारच्या आसपास, १० डिग्रीला ४५. आमच्याकडे जानेवारीत सकाळी बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही, त्या थंडीत माझ्या पोराचे छर्रे खाली खाली लागायला लागले, दुपारी पुन्हा वर. महिनाभर पोराला ओरडत होतो की तुझा हात हलतो 🙏

सिडकोकर_बाबा:
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. एक जण सेकंडहँड मॅच पिस्तूल देतोय, नामी कंपनीचं, बजेटात बसतंय. घेऊ?

दहा_पॉइंट_नऊ:
चांगलं सेकंडहँड नव्या स्वस्तापेक्षा केव्हाही परवडलं, पण सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते ती आधी वाचा. दहा वर्षांच्या वरचं सिलिंडर मॅचला चालत नाही आणि नवं सिलिंडर स्वस्त नसतं. मी एकदा असाच फसलो, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. दुसरं, मूठ. स्मॉल साईज आहे का, उजवी आहे ना. आणि ट्रिगर मेकॅनिकल असेल तर बरं, इलेक्ट्रॉनिक महागातलं असलं तरी नखरे करतं. तसं कोणतंही पिस्तूल दगा देऊ शकतं, टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये मनू भाकरचं ऐन क्वालिफिकेशनमध्ये बंद पडलं होतं, ७५ मिनिटांत ६० शॉट, त्यातला वेळ दुरुस्तीत गेला, ५७५ गुणांवर थांबली आणि फायनल हुकली. मग पॅरिसला दोन ब्राँझ आणली ती गोष्ट वेगळी.

पंचवटीचा_पोरगा:
पॅरिसचं काढलंच तर आपला स्वप्निल कुसाळे पण नाशकातच शिकलाय बरं का. रायफलवाला असला म्हणून काय झालं.

सिडकोकर_बाबा:
आज जाऊन आलो. पिस्तूल दिसायला चकाचक. सिलिंडर फिरवून पाहिलं तर तारखेच्या जागी बरोब्बर एक स्टिकर, वाघाचा. मी म्हटलं काढू का, तर तो म्हणे राहू द्या ना, शोभा आहे. पोरीने तोवर नखाने खरवडलं पण होतं. २०११. चहा न पिता उठलो. रविवारी एपी२० बघायला जातोय, पोरीचा हात मूठीत बसला तर कळवतो.