मदत हवी आहे: जोडीदाराबद्दलच्या अपेक्षांची यादी लांबलीय, चाळणी कशी लावू?

सायली_वेल
नमस्कार मंडळी. वय २९, नोकरी पुण्यात, आईबाबा सांगलीला. लग्न ठरवूनच करायचं आहे. एका वधूवर सूचक मंडळात आणि एका संकेतस्थळावर नाव घातलंय. 'अपेक्षा' हा रकाना भरताना अडलेय. माझे आणि घरच्यांचे मुद्दे एकत्र केल्यावर यादी अशी झाली: उंची ५ फूट ८ इंचांच्या पुढे, वयात ४ वर्षांपेक्षा जास्त अंतर नको, इंजिनिअर किंवा पदव्युत्तर, पॅकेज २० लाखांच्या वर, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, निर्व्यसनी, पोटजात तीच, गुण १८ च्या वर, एक नाड नको, समजूतदार, विनोदबुद्धी असलेला, घरकामात मदत करणारा, माझ्या नोकरीला पाठिंबा देणारा, आईबाबांची जबाबदारी मला घेऊ देणारा (मी एकुलती एक आहे).

सगळे फिल्टर लावले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी स्थळं उरतात, काढले तर पूर येतो. यातलं काय धरून ठेवायचं, काय सोडायचं? आणि समजूतदारपणा वगैरे दोन-तीन भेटींत ओळखायचा कसा? 'तडजोड करावीच लागते' हे ऐकून झालंय, कृपया त्याच्या पुढचं सांगा.

ओसरी
कुठला गुण जास्त महत्त्वाचा हे ठरवायच्या आधी प्रत्येक मुद्द्यापुढे लिहा: हे कळणार कसं? कागदावर दिसणारं, विचारून कळणारं आणि वागण्यातूनच कळणारं, असे तीन ढीग होतील. तुमच्या यादीतले पहिले नऊ मुद्दे जवळजवळ सगळे कागदी आहेत. संकेतस्थळाला तेवढेच मोजता येतात म्हणून त्यांचे फिल्टर दिलेले असतात. संसारात त्यांचं वजन किती, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता गळती बघा. प्रत्येक अटीने निम्मी स्थळं जातात असं धरलं तर पाच अटींनंतर शंभरातली तीन उरतात. त्या तिघांत समजूतदार माणूस सापडणं मग निव्वळ नशीब. म्हणून कागदी अटी दोन, फार तर तीन ठेवा आणि त्याही सैल. ५ फूट ८ लिहिलं की ५ फूट ७ चा माणूस तुम्हाला दिसणारच नाही. समोर उभा राहिला असता तर फरक कळलाही नसता.

धरून ठेवायच्या त्या गोष्टी, ज्यात मधला रस्ताच निघत नाही. मूल हवं की नको, यात अर्धं मूल होत नाही. पुणे की परदेश, दारू-सिगारेट चालणार की नाही, लग्नानंतर कोणाच्या आईवडिलांसोबत राहायचं, हे त्याच जातीचं. तुमच्या बाबतीत आईबाबांची जबाबदारी याच खात्यात येते, ती यादीत शेवटी काय करतेय? ती पहिल्या ओळीत हवी.

'निर्व्यसनी' हा शब्द मात्र फोडून लिहा. बायोडेटात तो सगळेच लिहितात. ऑफिसच्या पार्टीत दोन पेग घेणारा स्वतःला निर्व्यसनीच समजतो, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही.

हिशेबनीस
पॅकेज आणि फ्लॅट या दोन्ही आकड्यांनी फसगत होते, म्हणून थोडं सविस्तर.

सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वर्षाच्या पॅकेजमध्ये, कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कधी शेअर्ससुद्धा धरलेले असतात. २० लाखांचं पॅकेज म्हणजे २० लाख हातात नव्हेत. विचारायचंच तर महिन्याला खात्यात किती जमा होतात हे विचारा, आणि आपला आकडा आधी सांगा. 'स्वतःचा फ्लॅट' म्हणजे बहुतेक वेळा बँकेचा फ्लॅट: ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ४३,४०० रुपये. त्यामुळे २० लाख पॅकेज आणि दोन कर्जं असलेल्यापेक्षा १२ लाखवाला बिनकर्जी माणूस महिनाअखेरीला जास्त मोकळा असू शकतो.

पसंती होत आली की, साखरपुड्याच्या आधी, दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढून एकमेकांना दाखवावा. प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण नुसता स्कोअर बघू नका. खाली कर्जांची यादी असते ती वाचा, कोणाला जामीन राहिला असेल तर तेही तिथे दिसतं. दिसत नाहीत ते हातउसने, भिशी, आणि गावाकडच्या पतसंस्थेतली जामीनकी बहुधा. ते तोंडानेच विचारावं लागतं.

त्याहून मोलाचा प्रश्न: घरी दरमहा किती पाठवतोस, आणि ते किती वर्षं चालेल? पाठवतो यात वाईट काही नाही. तुम्हालाही तेच करायचं आहे. तुमच्या आईबाबांसाठीच्या खर्चाचा आकडा ऐकल्यावर तो काय म्हणतो, तिथे तुमच्या पहिल्या ओळीची परीक्षा होते.

गवतीचहा
दोन-तीन भेटींत कसं ओळखायचं, यावर.

कांदेपोह्यांची भेट यातून वजा करा. दोन्हीकडची मोठी माणसं हॉलमध्ये आणि तुम्ही दोघं पंधरा मिनिटं गॅलरीत, तिथे फक्त 'पुन्हा भेटावंसं वाटतं का' एवढंच कळतं. दुसरी भेट बाहेर, निदान दोन तास. तिसरी अशी ठरवा की मिळून काहीतरी करावं लागेल: गर्दीच्या वेळी कुठेतरी जाणं, एखाद्या वस्तूची खरेदी. चौथी त्याच्या मित्रांबरोबर आणि तुमच्या मैत्रिणींबरोबर. हे सहा ते आठ आठवड्यांत बसतं. घरचे 'आठ दिवसांत कळवा' म्हणतील तेव्हा 'होकार-नकार नाही, पुढे भेटायला तयार आहोत' एवढं कळवायचं, हल्ली बहुतेक मंडळी ते समजून घेतात. दोन महिने नुसतं रात्री उशिरापर्यंत चॅट करणं मात्र टाळा. चॅटवर माणूस विचार करून, खोडून, पुन्हा लिहून पाठवतो. तुम्हाला बघायचाय तो न खोडलेला.

'घरकामात मदत करशील का?' याला जगात एकच उत्तर आहे. भूतकाळातलं विचारा. गेल्या आठवड्यात स्वयंपाक कोणी केला? मावशी आल्या नाहीत त्या दिवशी भांडी कोणी घासली? गॅस सिलिंडर संपल्यावर नंबर कोण लावतं? ज्याला या गोष्टी माहीत असतात तो लगेच आणि कंटाळलेल्या सुरात सांगतो. ज्याला माहीत नसतात तो 'आमच्याकडे सगळे मिळून करतात' म्हणतो. नोकरीला पाठिंबा देण्याचंही तसंच. 'तुझी बदली बंगळूरला झाली आणि माझी नाही, तर पहिले सहा महिने कसे काढायचे?' असं विचारा आणि तो तपशिलात शिरतो का ते बघा.

समजूतदारपणाची कसोटी 'नाही'त आहे. एखाद्या भेटीची वेळ किंवा जागा खरोखरच सोयीची नसेल तेव्हा सरळ नाही म्हणा. तो दुसरी वेळ सुचवतो, की गप्प होतो, की 'ठीक आहे, तू म्हणशील तसं' असं म्हणून दोन दिवस मेसेजला तुटक उत्तरं देतो? या तिसऱ्या प्रकारापासून सावध. मतभेद झालाच, तर नंतर बोलणं आधी कोण सुरू करतं हे लक्षात ठेवा, सलग दोन-तीनदा तुम्हीच असाल तर तो पुढचा नमुना समजा.

अवांतर: २०२० साली ४३ अभ्यासांतली, ११ हजारांवर जोडप्यांची माहिती एकत्र तपासली गेली होती. नात्यातलं समाधान कशावरून जास्त कळतं, तर जोडीदार नात्याला बांधील आहे असं वाटणं, आपली कदर होते असं वाटणं, भांडणांचं स्वरूप, अशा दोघांमधल्या गोष्टींवरून. जोडीदाराचे सुटे गुण त्यात बरेच मागे पडले. म्हणजे 'तो कसा आहे' याच्याइतकंच 'तो आपल्याशी कसा आहे' हेही बघा.

सदाफुली
पत्रिकेचं राहिलं. ३६ गुणांची फोड अशी: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. हे सगळं दोघांच्या जन्माच्या वेळच्या चंद्राच्या रास-नक्षत्रावरून निघतं. म्हणजे त्या नक्षत्रावर त्या दिवशी जन्मलेल्या सगळ्यांशी तुमचे गुण जवळपास सारखेच जुळतील. नाडीचा रक्तगटाशी संबंध लावतात तो चुकीचा: २७ नक्षत्रं नऊ-नऊ करून तीन नाड्यांत वाटलेली असतात, बस. घरच्यांच्या समाधानासाठी पाहायची तर पाहा, पण पसंतीनंतर नको, भेटीच्या आधीच. मनं गुंतल्यावर नाडीवरून मोडणं फार वाईट.

रक्ताचंच बघायचं तर एचपीएलसी ही रक्ततपासणी करा, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकजण थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला, तरी धोका असतोच. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त आढळतो. आधी एकाने केली आणि तो कशाचाच वाहक नसला तर बहुतेक प्रश्न मिटतो. अंगात लोह कमी असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असणं झाकलं जाऊ शकतं, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांना सांगून रिपोर्ट वाचून घ्या. बाईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पुरुषाचा पॉझिटिव्ह ही मात्र नकाराची गोष्ट नाही, त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे.

आणि कोणी सगोत्राचा मुद्दा काढलाच तर, १९४६ च्या कायद्यापासून त्याला आडकाठी नाही.

चिंचेचा_कोळ
सगळं बरोबर, पण एवढ्या मोठ्या यादीत 'मला आवडला पाहिजे' हे कुठेच नाही, आणि वरच्या एकाही प्रतिसादात नाही! आवडणं यादीवरून ठरत नाही. २००८ मध्ये स्पीड डेटिंगवर झालेल्या एका अभ्यासात लोकांनी आधी सांगितलेल्या आवडीनिवडी आणि प्रत्यक्षात त्यांना आवडलेली माणसं यांचा मेळ बसला नव्हता. पहिल्या भेटीत घंटा वाजलीच पाहिजे असं नाही, पण चार भेटींनंतरही भेटायला जाताना उरकायचं काम वाटत असेल तर कागद कितीही चांगला असो, थांबा. विनोदबुद्धीचा मुद्दा खोडू नका, तो तुमचा याच खात्यातला आहे.

सायली_वेल
सगळ्यांचे मनापासून आभार. ढीग केले, यादी निम्मी झाली. एक शंका: एका स्थळाशी बोलणं चालू आहे, सगळं छान आहे, पण माझ्या आईबाबांचा विषय काढला की 'बघू गं, वेळ आल्यावर' एवढंच उत्तर येतं. याला होकार धरू का?

ओसरी
नका धरू. 'बघू' म्हणणाऱ्याला आकडा आणि प्रसंग देऊन पुन्हा विचारा: 'दरमहा १५ हजार आणि दुखणं आलं तर आई दोन महिने आपल्याकडे, चालेल का?' विचार करायला आठवडा द्या. तो स्वतःची एखादी अट घालून परत आला तर उत्तम, बोलणी सुरू झाली म्हणायचं. पुन्हा 'बघू' आलं तर ते नाहीच आहे.

रकान्यात सध्या एवढंच लिहा: 'पुण्यात राहण्याची तयारी. एकुलती एक असल्याने आईवडिलांची आर्थिक व इतर जबाबदारी माझ्याकडे राहील. मद्यपान, धूम्रपान अजिबात न करणारा. मूल हवे. बाकी प्रत्यक्ष भेटीत.' आईबाबांच्या अटी पोटजातीवर अडत असतील तर ती ओळ त्यांना घालू द्या, पण 'प्राधान्य' असा शब्द वापरून.