आई-बाबा येतायत, लिस्बनमध्ये काय दाखवू?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, लिस्बनसाठी दोनच दिवस आहेत. बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात आणि तिला अंडंही चालत नाही. सगळे म्हणतात जुन्या शहरातून फिरणाऱ्या ट्रॅम २८ मध्ये बसव की झालं. तेवढ्यावर भागतं का?

---

अगं, त्या ट्रॅमला मरणाची गर्दी असते, आईंना उभ्याने हिंदकळत जावं लागेल. माझं ऐक, भूकंपापासून सुरुवात कर. १ नोव्हेंबर १७५५, सणाची सकाळ, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या आणि जमीन हादरली, मग समुद्र आत घुसला, आग तर कित्येक दिवस विझली नाही. बाइशा-शियादू मेट्रोच्या सरकत्या जिन्यांनी वर शियादूत निघा म्हणजे चढ वाचतो, तिथून कार्मूचा मठ जवळच. छप्पर पडलं ते पुन्हा घातलंच नाही, नुसत्या दगडी कमानी आणि वर उघडं आभाळ, तिथे बाबांना निवांत बसू दे. खालचा बाइशा भाग तेव्हाच्या मंत्र्याने, मार्किस द पोंबालने, नव्याने वसवला, रस्ते सरळ आखले आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, पुन्हा हादरा बसला तरी घर तगावं म्हणून. आल्फामा ही जुनी वस्ती बरीचशी वाचली त्यामुळे गल्ल्या अजून जुन्याच, पण फरशी फार गुळगुळीत आहे, आईंना चपला नको, बूट घालायला लाव.

दुसरा दिवस नदीकाठच्या बेलें भागात. जेरोनिमुश मठ बांधायला पैसा आला तो आपल्याकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून, दगडात कोरलेले जहाजाचे दोर जवळून बघा, पीळ न् पीळ दिसतो. चर्चमध्ये शिरलं की डावीकडे वास्को द गामाची कबर. बाबांना वसई आठवणारच, चिमाजी आप्पांनी ती १७३९ ला घेतली, म्हणजे या भूकंपाच्या जेमतेम सोळा वर्षं आधी!

मठाशेजारीच पाश्तेल, म्हणजे कस्टर्डचे छोटे टार्ट मिळतात, १८३७ पासूनचं दुकान आहे, गरम घेऊन वर दालचिनी भुरभुरवायची, पण आत अंड्याचा बलक असतो तेव्हा ते बाबांनाच. इथे भाजीच्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा निघतो, म्हणून ऑर्डर देतानाच स्पष्ट विचार. आईंच्या जेवणाला सरळ मार्तीम मुनीश चौकाकडे जा, तिथे भारतीय हॉटेलं आहेत.

---

ताईंना अनुमोदन! फक्त वार बघून ठरव, जेरोनिमुश सोमवारी बंद असतो आणि कार्मू रविवारी.