‘फोरसाइट’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. विषय ‘स्ट्रॅटेजिक फोरसाइट’, म्हणजे पुढच्या काळाचा आधीच विचार करून आजची आखणी करणं. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात सरळ हिंदीतून उचललेलं ‘रणनीतिक दूरदर्शिता’ आहे. मला ते फार खटकतं. पाणीपुरवठ्याच्या नियोजनात रण कुठून आलं? ‘दूरदृष्टी’ किंवा ‘पूर्वानुमान’ चालेल का?

प्रतिसाद १

‘पूर्वानुमान’ नको. आपल्याकडे हवामानाचाही अंदाजच असतो आणि जमाखर्चाचं अंदाजपत्रक. पण इथे ‘अंदाज’ही चालणार नाही, कारण अंदाज एका आकड्यावर येऊन थांबतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. १९८५च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने, म्हणजे या वाहिन्या सुधारण्यासाठीच्या अहवालाने, तो आकडा ५० धरायला सांगितला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्यात समुद्राला मोठी भरती. ५० हा आकडा गरजेचाच होता, पण तो अंदाज झाला. ‘याच्या दुप्पट आला आणि नेमकी भरती असली, तर लोकल कुठे थांबतील, शाळेतली मुलं कुठे राहतील?’ असं आधी बसून विचारणं म्हणजे फोरसाइट.

प्रतिसाद २

‘दूरदृष्टी’ हा माणसाचा गुण आहे. दूरदृष्टीचा अधिकारी म्हणतो ना आपण? त्याची बदली झाली की दृष्टीही त्याच्याबरोबर जाते. इथे तर खात्याचं नेहमीचं काम अभिप्रेत आहे. फिनलंडच्या संसदेने १९९३ मध्ये भविष्य समिती नेमली आणि २०००मध्ये ती कायम केली. तिथलं सरकार दर कार्यकाळात भविष्याविषयीचा अहवाल संसदेत मांडतं आणि संसदेचं उत्तर ही समिती तयार करते. एखादा द्रष्टा पंतप्रधान असो वा नसो, अहवाल द्यावाच लागतो. या कामाला गुणाचं नाव दिलंत तर वाचणारा म्हणेल, साहेबांकडे असेल दूरदृष्टी, माझा काय संबंध?

प्रतिसाद ३

माझं मत ‘भविष्यवेध’. वेध घेतला जातो, म्हणजे ती कृती आहे. वेधशाळेत तो रोज घेतात. शिवाय ग्रहणाचे वेध ग्रहणाच्या आधी लागतात आणि घरातले व्यवहार तेव्हापासूनच बदलतात. पुढचं ओळखून आजचं वागणं बदलणं हा अर्थ या शब्दात मुरलेला आहे. ‘भविष्य’ नुसतं ठेवू नका, लोकांना पत्रिका आठवते.

‘स्ट्रॅटेजिक’ला ‘धोरणात्मक’ म्हणा. धोरणी माणूस म्हणजे पुढचं पाहून पाऊल टाकणारा, तेव्हा अर्थ घरचाच आहे.

आणि ‘होरायझन स्कॅनिंग’चं, म्हणजे येऊ घातलेल्या बदलांच्या खुणा आधीच टिपण्याचं, ‘क्षितिज-निरीक्षण’ मुळीच करू नका. आपल्याकडे ‘चाहूल घेणे’ आहे! सिंगापूरने १९९५मध्ये पंतप्रधान कार्यालयात भविष्यातल्या वेगवेगळ्या शक्यता मांडण्यासाठी स्वतंत्र विभाग काढला होता. तरी १९९७चं आशियाई आर्थिक संकट आणि २००३ची सार्सची साथ यांनी या पद्धतीच्या मर्यादा दाखवल्या. मग २००४पासून बारीकसारीक खुणा टिपायची वेगळी यंत्रणा त्यांनी उभारली. ती चाहूलच. पंचतंत्रातल्या अनागतविधात्या माशाने तरी काय केलं? कोळ्यांचं बोलणं कानावर पडताच तळं सोडलं. यद्भविष्य नावाचा दुसरा मासा ‘होईल ते होईल’ म्हणत राहिला आणि जाळ्यात सापडला.

मूळ प्रश्नकर्ती

‘चाहूल’साठी मनापासून आभार, एक अख्खं प्रकरण सुटलं. काल छपाईआधी काही कर्मचाऱ्यांसमोर नमुना वाचला. तक्त्यात डाव्या रकान्याला ‘अंदाज’ आणि उजव्याला ‘भविष्यवेध’ असं शीर्षक होतं. पाणीपुरवठ्यातल्या एक बाई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग पेन्सिलीने डावीकडे लिहिलं ‘काय होईल’ आणि उजवीकडे ‘काय काय होऊ शकेल’. मी चार ओळींची व्याख्या केली होती, ती काढून टाकली. त्यांच्या परवानगीने आता तिथे त्यांचेच शब्द छापणार आहे.

‘सिनारिओ’, म्हणजे पुढे काय घडू शकेल याचं एक चित्र, हा शब्द मात्र अडला आहे. ‘परिदृश्य’ कुणालाच कळलं नाही. सध्या ‘शक्यताचित्र’ लिहिलं आहे.

प्रतिसाद १

‘शक्यताचित्र’ राहू द्या. फक्त अनेकवचनात वापरा. एकच शक्यताचित्र काढलं की तो पुन्हा अंदाज होतो.