कम्युनिटी कॉलेजातल्या 'ऑनर्स'ला मराठीत काय म्हणावं?

निळी शाई
आमच्या इथल्या (बे एरिया, कॅलिफोर्निया) महाराष्ट्र मंडळासाठी पालकांचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय: बारावीनंतर थेट युनिव्हर्सिटीत न जाता दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर. भारतातून येऊन राहिलेले आजी-आजोबाही वाचणार, म्हणून मराठी. 'ऑनर्स कोर्स' आणि 'ऑनर्स सेमिनार' इथे गाडी अडली आहे. मी 'सन्मान अभ्यासक्रम' लिहिलं, मंडळातल्या एका काकांनी ते खोडून 'मानद अभ्यासक्रम' केलं. आता मानद म्हणजे न शिकता मिळालेलं ना? हे अगदी उलट आहे. विषय नेहमीचाच, समजा अमेरिकेचा इतिहास. पण वर्ग लहान, पाठ्यपुस्तकाऐवजी मूळ पत्रं आणि दस्तऐवज वाचायचे, वर्गात बोलायचं, शेवटी स्वतःचा निबंध उभा करायचा. श्रेयांक (क्रेडिट) बहुधा तेवढेच. गुणपत्रिकेवर कोर्सच्या क्रमांकाला एक 'एच' चिकटतो, एवढंच.

गिरगावकर
मानद नकोच. आमच्या सोसायटीचे मानद सचिव आहेत, त्यांना पगार नाही आणि सभासदांच्या शिव्या मात्र नियमित. 'ऑनर्स' लिहा आणि मोकळ्या व्हा.

अनुस्वार
'लिहा आणि मोकळ्या व्हा' यानेच मराठीची ही दशा झाली. दिनांक, महापौर हे शब्दही सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते. इथे तर नवा घडवायचीही गरज नाही, शब्द तयार आहे: प्रावीण्य. प्रावीण्य अभ्यासक्रम, प्रावीण्य चर्चासत्र. शाळेत गणित प्रावीण्य परीक्षा दिलेल्या कुणालाही कळेल.

रानपाखरू
गणित प्राविण्य. माझ्या प्रमाणपत्रावर वि पहिला आहे.

अनुस्वार
मग प्रमाणपत्र चुकलं. प्रवीण, म्हणून प्रावीण्य.

जुने मास्तर
जुने लोक प्रवीणचा संबंध वीणेशी लावतात. वीणा उत्तम वाजवतो तो प्रवीण, हात न कापता कुश गवत काढून आणतो तो कुशल. म्हणजे वी दुसरीच. पण ताईंची अडचण वेगळी आहे. प्रावीण्य शेवटी मिळतं, वर्गात शिरतानाच कसं असेल? आमच्याकडे पुणे विद्यापीठात याला सरळ 'स्पेशल' म्हणत. जी म्हणजे जनरल पेपर, एस म्हणजे स्पेशल. दुसऱ्या वर्षाला जी-टू, एस-वन, एस-टू. तिसऱ्याला जी-थ्री, एस-थ्री, एस-फोर. मुलं 'मी मराठी स्पेशलला आहे' असं छाती काढून सांगत. कागदोपत्री सामान्य स्तर आणि विशेष स्तर. तुम्ही 'विशेष' घ्या.

निळी शाई
मास्तर, विशेष माझ्याही मनात होता. पण स्पेशल म्हणजे एका विषयात मुख्य. इथे नर्सिंगला जाऊ पाहणारी मुलगी मानसशास्त्र ऑनर्समधून घेते आणि बाकीचे विषय साधे. आणि 'विशेष वर्ग' वाचून एखाद्या आजीने नातवाला काही अडचण आहे का असं विचारलं तर? आजकाल 'विशेष मुलं' हा शब्द त्या अर्थाने पक्का झालाय.

यमुनापार
दिल्ली विद्यापीठात दोनच जाती असायच्या, ऑनर्स (एका विषयात खोल) आणि पास कोर्स (साधी पदवी). पासवाल्याला लग्नाच्या बाजारातही दोन पायऱ्या खाली धरत. आता नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष केलं की ऑनर्स. इंजिनिअरिंगला आणखी निराळं, १८ ते २० श्रेयांक जादा केले की बी.टेक. ऑनर्स. एकाच देशात या शब्दाचे तीन अर्थ चालू आहेत, अमेरिकेतला चौथा. त्यामुळे नुसतं 'ऑनर्स' लिहूनही आजोबांना काही कळणार नाही, गिरगावकर.

गिरगावकर
आजोबांना नातवंडाच्या फीचा आकडा कळला की पुरे.

खडूस
आधी कम्युनिटी कॉलेजचं काय केलंत ते सांगा. 'सामुदायिक महाविद्यालय' वाचून माझ्या वडिलांना सामुदायिक विवाह सोहळा आठवला.

निळी शाई
तिथे तसंच ठेवलंय, कम्युनिटी कॉलेज.

खडूस
म्हणजे अनुस्वारांनी आधी त्यासाठी उपोषणाला बसायला हवं होतं.

सॅनहोजेची आई
शब्दापेक्षा त्यामागची अढी काढणं अवघड आहे. धाकट्याने कम्युनिटी कॉलेज घेतलं तेव्हा सांगलीहून जाऊबाईंचा फोन, 'का गं, मार्क कमी पडले का?' इथल्या मराठी मंडळींतही लोक 'तो लोकल कॉलेजला आहे' असं पुटपुटून विषय बदलतात. मुलगा ऑनर्स प्रोग्राममध्ये होता. यूसीएलएचा (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ट्रान्स्फर अलायन्स प्रोग्राम म्हणून आहे. ठरावीक कॉलेजांतला ऑनर्स प्रोग्राम पुरा केला की ट्रान्स्फरच्या अर्जाचा प्राधान्याने विचार होतो. त्याने तत्त्वज्ञानाच्या ऑनर्स सेमिनारमध्ये एका संध्याकाळी प्लेटोवरून इतकं भांडण केलं की शेजारची बाई, वय साठीचं, दोन नोकऱ्या करून शिकणारी, तिने त्याला पार्किंगमध्ये थांबवून पुढचा अर्धा तास सुनावलं. घरी येऊन तो म्हणाला, 'आई, शी वॉज राइट.' याला तुम्ही प्रावीण्य म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

जुने मास्तर
वा! आणि आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक चकवा आहे. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधलं जोलिएट, १९०१ सालचं, सुरुवातीला सहा विद्यार्थी. त्याचं नाव आजही जोलिएट ज्युनिअर कॉलेज. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी! तिथे ते बारावीच्या पुढची दोन वर्षं. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुळलं ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर. माहितीपत्रकात 'ज्युनिअर' शब्द चुकूनही येऊ देऊ नका, नाहीतर आजोबा म्हणतील पोरगा परत अकरावीत बसवला.

अनुस्वार
ठीक. पण ऑनर्सचं मूळ पाहू. मूळ लॅटिन शब्दात मान, पद, बहुमान असे अर्थ. म्हणजे 'सन्मान' हाच शब्दशः बरोबर, ताईंनी आधी लिहिलेला. 'बहुमान अभ्यासक्रम' कसा वाटतो?

रानपाखरू
शाल आणि श्रीफळ मिळतं असं वाटतं.

यमुनापार
शब्दशः गेलं की असंच होतं. अमेरिकेत ही पद्धत रुजवली ती स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रँक एडेलॉट यांनी, १९२२ च्या सुमारास. ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन आलेले, तिथलं पास आणि ऑनर्स त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे अमेरिकेतही तो शब्द उसनाच आणि अर्थ बदलून घेतलेला. त्यांनी उसना घेतला तर आपण का नाही?

सॅनहोजेची आई
एक भर घालते, कारण इथेच घोळ होतो. ऑनर्स कोर्स वेगळा आणि ऑनर सोसायटी वेगळी. फाय थीटा काप्पा ही दोन वर्षांच्या कॉलेजांची ऑनर सोसायटी, १९१८ पासूनची. तिचं सभासदत्व गुणांवर मिळतं. 'गुणवंत', 'प्रावीण्य' हे शब्द तिथे चपखल. कोर्सला नाही. शिवाय 'ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट' असतं: साध्याच वर्गात बसायचं, प्राध्यापकांशी लेखी ठरवून एक जादा प्रकल्प करायचा आणि त्यावर तो 'एच' मिळवायचा.

खडूस
'करारबद्ध सन्मान.' जमलं!

जुने मास्तर
सेमिनारकडे कुणी वळलंच नाही. 'परिसंवाद' नको. परिसंवादात एका दुपारी चार वक्ते, आभार, समारोप आणि बटाटेवडा. सेमिनारला तीच दहा-पंधरा डोकी आठवड्याला एकदा टेबलाभोवती बसतात. 'चर्चासत्र' बरं, पण 'पहिल्या सत्रातल्या चर्चासत्राचं दुसरं सत्र' असं वाक्य लिहून पाहा. तसं सत्र मूळचं लांबलचकच. नैमिषारण्यात शौनकांचं बारा वर्षांचं सत्र चाललं होतं, त्यातच सौतीने महाभारत सांगितलं. त्या हिशेबाने तो खरा ऑनर्स सेमिनार! आणि 'सेमिनार'चं लॅटिन मूळ म्हणजे रोपांची जागा, रोपवाटिका.

अनुस्वार
मग 'रोपवर्ग'! मास्तर, कमाल. लहान वर्ग, कोवळी रोपं, शिक्षक माळी.

रानपाखरू
रोपवर्गात मी बालवाडी पाहिली.

गिरगावकर
'बैठक' म्हणा. मोजकी माणसं, समोरासमोर, चुकलं की तिथल्या तिथे कळतं. गाणं असंच शिकतात.

अनुस्वार
बैठक म्हटलं की बैठकीची लावणी आठवते.

गिरगावकर
तुम्हाला आठवते. मला संघटनेची मीटिंग आठवते. पण शब्द चांगला आहे.

निळी शाई
सगळ्यांचे आभार, पण पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. सध्या 'ऑनर्स वर्ग' ठेवलाय आणि खाली एक ओळ: 'नेहमीचाच विषय, लहान वर्गात, अधिक वाचन आणि स्वतःच्या लेखनासह.' काकांना ती ओळ पटली, 'ऑनर्स' नाही पटलं. म्हणतात, मग मराठी पत्रक काढलंच कशाला.

अनुस्वार
काकांचा पत्ता द्या, माणूस आपला दिसतोय.

यमुनापार
आणि ट्रान्स्फरला काय लिहिलंत?

निळी शाई
'बदली.'

खडूस
बदली तलाठ्याची होते.

जुने मास्तर
आणि विद्यार्थ्याची कधीच होत नाही, त्याचा दाखला हलतो. शाळा सोडल्याचा दाखला. त्यावरून काही निघतं का पाहा, 'दाखलांतर' वगैरे.

रानपाखरू
मास्तर, 'दाखला'चं मूळ अरबी ना? अनुस्वार, चालेल का?